शेंदराखालचा गंज

आश्विनातलं ऊन पाठीला चावायला लागलं की लोकांना भाताचा वास येतो, मला गंजाचा येतो. मुरबाडला आमच्या घरामागं हळवं भात पिकून पिवळं झालेलं असतं, बांधावर चवळीच्या शेंगा लोंबत असतात, पहाटे दव आणि दुपारी उकाडा असा दुहेरी कारभार सुरू झालेला असतो, आणि मी ओसरीवर बसून विळ्याच्या पात्यावरची तांबूस पूड नखानं खरवडून बघत असते. आई म्हणते, लागलं हिला वेड. आईचं बरोबर आहे. वेडं मोसमी असतात, आणि माझा मोसम हा आहे.

गंज म्हणजे मेलेल्या लोखंडाची राख, असं मलाही बारावीपर्यंत वाटायचं. पुढं सूक्ष्मजीवशास्त्र शिकायला लागले आणि एका पडक्या टाकीचा गंज सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर तिथं वस्ती. चिमटीभर पुडीत हजारोंनी जिवाणू. कोणी लोखंडाला गंजायला मदत करतो, कोणी नुसताच आसऱ्याला आलेला. लोखंडाबरोबर जस्त, तांबं, शिसं असले जड धातू असतात, ते आपल्या पोटात गेले तर आपली धडगत नाही. हे मात्र त्यात नांदतात, काही तर पोरंबाळं वाढवतात. कोणता जिवाणू किती विष सहन करतो हे मोजायचा मला नाद लागला. आमच्या घराण्यात आजवर कोणी भाताशिवाय दुसरं काही मोजलेलं नव्हतं.

मी सांगतेय त्या वर्षी मी एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला दुसऱ्यांदा बसले होते. पहिल्या खेपेचे नमुने बुरशीनं गिळले. चूक माझी, बाटल्यांची झाकणं मी घाईत लावली होती. आमचे सर कमी बोलणारे. ते म्हणाले, एकाच लोखंडावरच्या ठरावीक जागांचा गंज तीनदा आण, पावसाआधी, पावसात आणि पाऊस सरल्यावर. तिन्हींची तुलना कर. हा एक मोसम देतो, जमलं नाही तर प्रकल्प बंद. प्रकल्प बंद म्हणजे पदवी नाही, आणि पदवी नाही म्हणजे बाबांची भात भरडायची गिरणी. बाबांनी गिरणीत माझ्यासाठी खुर्ची पुसूनच ठेवली होती. मुलगी अडकली याचं त्यांना दुःख झालं असणार, पण मुलगी घरी राहणार याचा आनंद त्यांना काही लपवता येत नव्हता. खुर्ची चांगली होती, खिडकीजवळ होती, वाराही यायचा. मला तिची फार भीती वाटायची.

लोखंड मिळालं ते तानसा तलावाच्या अंगाला, शहापूर तालुक्यातल्या एका पाड्यावर. पाड्याचं नाव सांगत नाही, तिथल्या माणसांना उगाच पाहुण्यांचा ताप नको. मुरबाडहून एसटीनं किन्हवलीवरून शहापूर, तिथून जीप, आणि पुढं अर्धा तास पायी. पाड्याच्या आधी ओढा लागतो आणि ओढ्यावर लोखंडी साकव आहे, चाळीस-पन्नास पावलांचा. पत्रे मधेमधे खाल्लेले, कठड्याला पापुद्रे सुटलेले. असा गंज की बघून माझे डोळेच निवले. माणसं सोन्याला भुलतात म्हणतात, मी ही अशी.

साकव ओलांडला की पहिलं घर बुधीमावशीचं. त्या वेळी तिनं पन्नाशी ओलांडली असेल. अंगानं काटकुळी, आणि चालणं असं की मला पळावं लागे. तिचा नवरा सोमादादा, शेती आणि मध, डिंक, कुडाच्या कामट्या असं रानातलं काहीबाही. पहिल्याच दिवशी दोघं येऊन उभी राहिली. मी कठड्यावर पांढऱ्या तेलरंगानं बोटभर लांबीरुंदीचे बारा चौकोन आखत होते. पूल पाडणार का, असं सोमादादानं विचारलं. मी म्हटलं, नाही हो, उलट यात जीव आहेत, ते बघायला आलेय. गंजात जीव राहतात, डोळ्यांना दिसत नाहीत, पण असतात. आणि शिकलेल्या माणसाला शोभेल अशा थाटात बजावलं की या चौकोनांना कोणी हात लावू नका. दोघांनी माना हलवल्या. बुधीमावशी तर त्या कठड्याकडे अशी बघत राहिली की मला वाटलं, चला, एक तरी विद्यार्थिनी मिळाली.

ज्येष्ठातले नमुने झाले. श्रावणात गुडघाभर चिखल तुडवून दुसरे झाले. तोवर बुधीमावशीकडे माझा चहा ठरून गेला होता. बिनदुधाचा, गवती चहा घातलेला. ती मला बाय म्हणायची आणि जाताना पिशवीत काकडी नाहीतर चिबूड कोंबायची. मी तिला विचारायची, साकवाला कोण्या माणसानं घासलं-बिसलं नाही ना? ती म्हणायची, "नाय गो बाय. आमी बगतू ना." आणि खरंच बघायची. कठड्याला बकरी अंग घासायला लागली तर हाकलायची.

तिसरे नमुने आश्विनात घ्यायचे होते. मी दसऱ्याआधीच जाणार होते, पण शेवटच्या दोन सरी राहिल्या होत्या त्या नेमक्या तेव्हाच पडल्या. लोखंड पुरतं वाळू द्यावं म्हणून थांबले. शहाणपणा माणसाला कुठं गाठेल सांगता येत नाही.

दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी गेले. वाटेवर आपट्याची पानं पडलेली, घराघरांच्या दाराला झेंडू आणि नव्या भाताच्या लोंब्या, दोन्ही बाजूंच्या खाचरांत पिवळ्या रंगाला नुसता ऊत आलेला. मी गाणं म्हणत चालले होते, हे मला पक्कं आठवतं. वळणावरून साकव दिसला तेव्हा वाटलं, उन्हामुळे चमकतोय. जवळ गेले. ऊन नव्हतं ते. साकव या टोकापासून त्या टोकापर्यंत घासून, पुसून, तेल लावून लख्ख केलेला होता. कठड्याला झेंडूच्या माळा होत्या. माझे पांढरे चौकोन गंजासकट निघून गेले होते. आणि बरोबर त्या बारा जागी कुंकवाची बारा बोटं आणि एकेक फूल खोवलेलं. मला माझ्या जागा सापडाव्यात म्हणून.

मी काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. तुम्हाला अक्कल नाही का इथपर्यंत माझी मजल गेली. ज्या बाईनं चार महिने माझ्या गंजाची राखण केली, तिला मी असं बोलले. बुधीमावशी पदराला हात पुसत उभी होती. तिला माझा राग दिसत होता, पण कारण लागत नव्हतं. मी म्हटलं, हात लावू नका सांगितलं होतं ना मी? तेव्हा ती म्हणाली, "तूच बोललीस ना बाय, याच्यात जीव हाय. जीव हाय, तं दसऱ्याला पारोसा कसा ठेवायचा?"

आमच्याकडेही खंडेनवमीला विळे, कोयते, कुऱ्हाडी घासून पुजतात. गिरणीच्या पट्ट्याला बाबा हार घालतात. लोखंड वर्षभर माणसासाठी राबतं, एक दिवस माणसानं त्याच्यासाठी राबावं, इतकी साधी रीत आहे. हे मला ठाऊक होतं, फक्त साकवाच्या बाबतीत सुचलं नव्हतं. तोवर पाड्यावरची माणसंही पूर्ण साकव कधी घासत नसत. नुसत्या लोखंडाला दोन फुलं पुरत. जिवंत लोखंडाला आंघोळ हवी, हे त्यांना माझ्यामुळे कळलं. सगळा पाडा दोन दिवस राख, चिंच आणि नारळाच्या काथ्याच्या किशा घेऊन लागला होता म्हणे.

मी ओढ्यातल्या दगडावर जाऊन बसले आणि पाण्यात पाय सोडून रडले. बाबांची खुर्ची डोळ्यांपुढून हलेना. थोड्या वेळानं बुधीमावशी शेजारी येऊन बसली. तिनं काकडी चिरली, मीठ लावलं आणि माझ्या हातात दिली. रडताना काकडी खाणं अवघड असतं, आवाज फार होतो. मला स्वतःचंच हसू आलं. मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, खा आधी.

खालून साकवाकडे बघत असताना मला तो खांब दिसला. पाड्याकडचा पहिला. बाकी सगळा साकव काळा कुळकुळीत, आणि हा एकटा शेंदरानं माखलेला, थरावर थर, मारुतीच्या अंगावर असतात तसे. तो मी आधीही पाहिला होता, पण रंग फासलेलं लोखंड माझ्या कामाचं नाही म्हणून सोडून दिला होता. हा का नाही घासला, असं मी विचारलं. सोमादादा म्हणाला, शेंदूर चढला की धुवायचा नसतो, दसऱ्याला वर नवा थर द्यायचा. थरांच्या कडा सुटल्या होत्या आणि त्यांच्या आत जुना, हात न लागलेला गंज होता. अख्ख्या साकवावर उरलेला तेवढाच.

फोनला रेंज यायची ती मागच्या टेकाडावर. वर चढून सरांना सगळं सांगितलं. मला वाटलं, आता प्रकल्प बंद. सर बहुधा हसू आवरत असावेत. मग म्हणाले, तुझी तुलना गेली. उरलेल्या लोखंडाचं काय म्हणणं आहे ते तरी ऐक. त्या खांबाचा गंज आण, आणि घासलेल्या जागांवरूनही पुसून आण.

घासलेल्या जागांचं सोपं होतं. पण खांबाचा गंज घ्यायचा म्हणजे शेंदूर खरवडायचा. मी विचारल्यावर सोमादादाचा चेहरा उतरला. देवाचं अंग आहे ते, असं तो हळूच म्हणाला आणि बायकोकडे बघायला लागला. तेव्हा मला त्या खांबाची हकीकत कळली. साकव नव्हता तेव्हा भाद्रपदात ओढा चढला की पाडा चारचार दिवस तुटायचा. बुधीमावशीची थोरली जाऊ बाळंतपणात अडली होती. पाणी उतरायची वाट बघत बघत ती याच काठावर गेली. पुढं साकव झाला, आणि त्याच वर्षी भाद्रपदात बुधीमावशीचे दिवस भरले. तिला झोळीत घालून नेताना कळा इतक्या वाढल्या की तिनं साकवाच्या तोंडाशी उतरवायला लावलं आणि हा खांब दोन्ही हातांनी धरला. कळ ओसरल्यावर ती झोळीत न बसता पायांनी साकव चालून गेली. मुलगी शहापूरच्या दवाखान्यात झाली. ती आता कसाऱ्याला दिलीय, जावई रेल्वेच्या कामावर आहे. त्या दसऱ्याला सोमादादानं खांबाला शेंदराचं पहिलं बोट लावलं.

हे ऐकल्यावर मला मागणं मागे घ्यावंसं वाटलं. आणि खरं सांगायचं तर वाटलं नाहीही. मला तो गंज हवा होता. मी रिकामी बाटली हातात धरून उभी राहिले. बुधीमावशी खांबाजवळ गेली, त्यावर हात ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "माजी पोर पल्याड गेली. तू पन जा."

मात्र खरवडणार ती स्वतः. तिनं ओढ्यावर हातपाय धुतले, डोक्यावर पदर घेतला. मी तिला माझं पोलादी उलथनं दिलं, दात कोरायच्या काडीएवढं. ते निर्जंतुक करायला स्पिरिटचा दिवा पेटवला आणि पातं ज्योतीत धरलं. एव्हाना पाच-सहा बायका जमल्या होत्या. दिवा दिसताच सगळ्यांनी ज्योतीवर हात धरून तोंडावरून फिरवले. सोमादादानंही फिरवले. शेवटी मीही फिरवले, उगाच एकटी वेगळी कशाला दिसू. मग बुधीमावशीनं शेंदराच्या सुटलेल्या कडेखालचा गंज, मी सांगितलं तसा, बाटलीत उतरवला. झाकण मात्र मी लावलं, तीनदा तपासून.

प्रयोगशाळेत आम्ही जिवाणू वाढवायच्या आगराच्या जेलीत शिशाचा क्षार मिसळतो, एका काचेच्या ताटलीत थोडं, दुसरीत जास्त, तिसरीत त्याहून जास्त, आणि कोण कुठपर्यंत तग धरतो ते बघतो. शिशाची निवड माझी नव्हती, सरांची. जुन्या पद्धतीचा शेंदूर म्हणजे शिसं भाजून केलेली तांबडी पूड, एवढंच ते म्हणाले होते. तिसऱ्या दिवशी मी ताटल्या उघडल्या. घासलेल्या जागांचे जिवाणू पहिल्या-दुसऱ्या ताटलीतच संपले होते. ज्येष्ठ-श्रावणातल्या बारा चौकोनांचेही तेच. आणि खांबावरचे? शेवटच्या ताटलीत, जिथं शिसं सगळ्यात जास्त, तिथंही पिवळसर ठिपक्यांची दाट वस्ती. तीसएक दसऱ्यांचा शेंदूर डोक्यावर घेऊन ते जगायला शिकले होते. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, पुन्हा करून बघ. मी तीनदा करून बघितलं. तिन्ही वेळा वस्ती तशीच होती.

मी पास झाले. प्रकल्पाचा विषय बदलून थेट खांबावर आला आणि तोंडी परीक्षेला आलेल्या बाईंनी तर अर्धा तास दसऱ्याचंच विचारलं. बाबांनी पेढे वाटले आणि खुर्चीवर हिशेबनीसाला बसवलं. मी आता शहापूरलाच कॉलेजात शिकवते.

मात्र त्या आनंदाला एक बोचरी गोष्ट चिकटलेली आहे, ती टाळून पुढं जाता येत नाही. जिवाणू शिसं सहन करतात या आनंदात मी पंधरा दिवस तरंगत होते, आणि मग एकदा जेवताना घास हातातच राहिला. ज्या बोटांनी बुधीमावशी शेंदूर लावायची, त्याच बोटांनी ती भाकरी मोडायची. नातवंडं खांबाला झोंबत. थरांचे कपचे ओढ्यात पडत. मला हे पहिल्या दिवशी सुचायला हवं होतं, मला पंधरा दिवस लागले. याची लाज अजून वाटते.

लगेच गेले आणि सांगितलं. शेंदरात शिसं असतं, शिसं अंगात साठतं, लहान मुलांना तर फार वाईट. सोमादादानं गुडघ्यांना मिठी मारली. मग म्हणाला, "म्हंजे इतकी वरसं आमी देवाला इख लावलं?"   बुधीमावशी म्हणाली, देवानं रागावायचं असतं तर कधीच रागावला असता, आता नाय लावायचं. तोंडाला फडकी बांधून आम्ही तिघांनी ते थर उतरवले, मग मी दोघांना हात घासून धुवायला लावले. तो सगळा चुरा मी डब्यात भरून कॉलेजात नेला, रीतसर विल्हेवाट लावायला. तेव्हापासून खांबाला गेरू लावतात, घरांच्या भिंतींना लावतात तोच. गेरू म्हणजे तरी काय, लोखंडाचा गंजच. मला हे फार आवडतं. गंज अडवायची ताकद त्यात नाही, शेंदरात होती. म्हणून सोमादादा पावसाआधी तेलाचा एक हात देतो. साकव दसऱ्याला पूर्ण घासतात तेही सुरूच आहे. मी मोडता घातलेला नाही. आता मीही किशी घेऊन जाते, त्या दिवशी तरी माझं स्वागत शिक्षिका म्हणून होत नाही.

खांबाचा चिमूटभर गंज मात्र मी दर आश्विनात आणते, तशाच ताटल्या मांडते. पहिली दोन-तीन वर्षं वस्ती शेवटच्या ताटलीपर्यंत जायची. मग एक ताटली कमी झाली, मग आणखी एक. शिशाचा मारा थांबला तसे ते जिवाणू शिसं झेलायची कला विसरत चालले. कदाचित ती कला अवगत असलेले मागं पडले आणि साधे पुढं आले. शास्त्रात याचं नवल नाही. पण ज्या एका गोष्टीवर मी इथवर आले, ती माझ्याच समोर विरत होती. गेल्या आठवड्यात ताटल्या उघडल्या तर खांबाचे जिवाणू दुसऱ्या ताटलीतच थांबलेले. साकवावरच्या इतर कुठल्याही जिवाणूंसारखे. मला खरंच वाईट वाटलं. वर्गात शिकवताना दाखवायला आता जुने फोटो तेवढे उरले.

काल पाड्यावर गेले होते. खाचरात हळव्याची कापणी चालू होती, ओल्या पेंढ्याचा वास सुटला होता. बुधीमावशी आता कापणीला जात नाही, साकवाच्या तोंडाशी सावलीत बसते आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला नावं ठेवते. मी तिच्याजवळ बसले आणि सगळं सांगितलं. म्हटलं, मावशी, तुमच्या खांबाच्या जिवांना आता शिसं सोसत नाही. पहिल्यासारखे राहिले नाहीत ते. माझ्या आवाजात तक्रार असणार.

तिनं खांबावरून हात फिरवला. मग म्हणाली, "बरं झालं की गो. किती दिस सोसायचं त्यांनी?"